बॉस केट आणि सहा व्होल्टची गाडी

गाडी सुरू करण्याला आपण मराठीत 'सेल्फ मारणे' म्हणतो. आपले वडील म्हणत, रिक्षावाले म्हणतात, आणि हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सकाळी पावणेनऊला बॅटरी बसलेल्या बाइकवर घाम गाळणारा आपला रूममेटही म्हणतो. पण हा सेल्फ पहिल्यांदा नीट चालवून दाखवला कुणी, असं व्हायवात विचारलं तर दहातले नऊ जण छताकडे बघतील. त्याचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. बरोबरीचे लोक त्याला 'बॉस केट' म्हणत. आपल्याकडे 'केटी' म्हटलं की पोटात गोळा येतो, पण या केटची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आणि जुन्या गाडीत मोबाईलचा चार्जर लावायची ज्यांना हौस आहे, त्यांनी तर ती वाचलीच पाहिजे. का, ते पुढे येईलच.

चार्ल्सचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी. लहानपणापासून त्याचे डोळे अधू. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. तरी शिकला, खेड्यातल्या शाळेत मास्तरकी केली आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला दाखल झाला. तिथे डोळ्यांनी असा दगा दिला की शिक्षण सोडावं लागलं. या मुलाने काय करावं? टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत तो कामाला लागला. उन्हातान्हात खड्डे खणले, एक्स्चेंजची जोडणी शिकला, तब्येत सुधारली, आणि पुन्हा कॉलेजात आला. बरोबरची मुलं पुस्तकं मोठ्याने वाचायची आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. 1904 मध्ये इलेक्ट्रिकलची डिग्री हातात पडली तेव्हा वय सत्तावीस. ड्रॉप लागला म्हणून तोंड लपवणाऱ्यांनी हा आकडा नोंदवून ठेवावा.

डिग्रीनंतर डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानातलं गल्ल्याचं मशीन तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. ते विजेवर चालवायचं काम केटरिंगकडे आलं. आता अडचण बघा. दांडा फिरवायला जोर बराच लागतो. तेवढा जोर सतत देणारी मोटर घेतली तर ती गल्ल्यापेक्षा मोठी होईल. केटरिंगच्या डोक्यात आलं की गिऱ्हाईक काही मिनिटाला साठ वेळा पैसे देत नाही. मोटरला एकदा क्षणभर जोर लावायचा आहे, मग ती निवांत गार होत बसणार आहे. मग लहानच मोटर घ्या, तिला क्षणभर तिच्या ताकदीबाहेर राबवा आणि मग सोडून द्या. मशीन लॅबमध्ये आपण ज्याला शॉर्ट टाइम रेटिंग म्हणून घोकतो, ते याने गल्ल्यावर करून दाखवलं.

याच नोकरीत असताना एडवर्ड डीड्स या वरिष्ठाशी त्याची दोस्ती जमली. डीड्सच्या घरामागे एक कोठार होतं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कंपनीतली चार डोकी तिथे जमून मोटारगाड्यांचे भाग बनवू लागली. 1909 मध्ये या उद्योगाला रीतसर कंपनीचं रूप आलं: डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजेच डेल्को. पहिला माल होता इग्निशनचा, आणि गिऱ्हाईक कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड. तेव्हा गाडीत ठिणगीसाठी ड्राय सेल असत. ठिणग्यांची सरबत्ती व्हायची आणि सेल लवकर संपायचे. केटरिंगच्या रचनेत दर वेळी एकच नेमकी ठिणगी पडायची, त्यामुळे सेल पुरून उरायचे. म्हणजे बघा, या माणसाने मोटारगाडीत केलेलं पहिलंच काम वीज वाचवण्याचं होतं. पुढे त्यातून कॉइल, पॉइंट, कंडेन्सर अशी जी जोडणी पक्की झाली, ती आपल्या प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या अँबॅसिडरपर्यंत चालत आली.

आता सेल्फकडे. त्या काळी गाडीला हँडल मारावं लागे. ठिणगीची वेळ मागे घ्यायला विसरलात की इंजिन उलटं फिरून हँडलचा तडाखा बसे. मनगटं मोडत, जबडे फुटत. लेलँडचे स्नेही बायरन कार्टर हे एका बाईंची बंद पडलेली कॅडिलॅक सुरू करून द्यायला गेले, हँडल उलटलं आणि त्यातच पुढे ते गेले, म्हणून हळहळलेल्या लेलँडनी केटरिंगला सेल्फचं काम दिलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट चटका लावणारी आहे, पण तारखा नीट जुळत नाहीत. कार्टर वारले 1908 मध्ये, आणि कॅडिलॅकच्या सेल्फचं काम सुरू झालं त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. तेव्हा मी ती 'सांगतात' म्हणूनच सांगतो. हँडलने माणसं जायबंदी होत होती, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

जाणकारांचं म्हणणं असं होतं की इंजिन फिरवायला लागणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच होईल. केटरिंगने गल्ला आठवला. गाडी दिवसातून पाच-दहा वेळा सुरू करायची, दर वेळी काही सेकंद. त्याने एकच यंत्र असं बनवलं की सुरुवातीला ते मोटर म्हणून इंजिन फिरवील, आणि इंजिन चालू झालं की तेच डायनामो होऊन बॅटरी भरील. बॅटऱ्यांची जोडणी तर त्याहून गमतीची. सेल्फ मारताना सहा-सहा व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 व्होल्ट, आणि चार्जिंगच्या वेळी त्याच पॅरलल करून 6 व्होल्ट. जोर हवा तेव्हा व्होल्टेज वाढवा, काम झालं की खाली आणा. फेब्रुवारी 1911 मध्ये पहिलं यंत्र कॅडिलॅकवर चढलं आणि 1912 च्या मॉडेलवर ते बाजारात आलं: सेल्फ, विजेचे दिवे आणि इग्निशन, तिन्ही एकाच व्यवस्थेवर. कार्बाइडच्या गॅसबत्त्या आणि रॉकेलचे दिवे हळूहळू अडगळीत गेले. या कामाबद्दल कॅडिलॅकला लंडनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. पेटंट 1915 मध्ये मंजूर झालं. पुढे चार बॅटऱ्यांची ती कसरत मागे पडली आणि साध्या सहा व्होल्टवर काम भागू लागलं. फोर्डने मात्र मॉडेल-टी साठी 1919 पर्यंत लोकांना हँडलच मारायला लावलं.

इथे मी जरा गाडी वळवतो. कारण माझा केटरिंगशी संबंध आला तो पुस्तकातून नाही, वायरिंगमधून. आमच्या गावातल्या एका काकांकडे 1930 सालची फोर्ड मॉडेल-ए आहे. फोर्डने 1926 मध्येच मुंबईत बस्तान बसवलं होतं, त्यामुळे या गाड्या आपल्याकडे अगदीच दुर्मिळ नाहीत. काकांना रॅलीसाठी तीन गोष्टी हव्या होत्या: मोबाईलवर मॅप, पुढे डॅशकॅम आणि मागे दिसतील असे इंडिकेटर व ब्रेकलाइट. सुट्टीत मी वायरिंगचं काम अंगावर घेतलं. त्याआधी कुणीतरी डॅशबोर्डच्या पत्र्याला साधं 12 व्होल्टचं सॉकेट स्क्रूने आवळून दिलं होतं आणि एक चार्जर धूर काढून मोकळा झाला होता.

का जळला ते सांगतो. या गाडीत 6 व्होल्टची बॅटरी आहे, आणि बॉडीला अर्थ आहे ती पॉझिटिव्हची. आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. सॉकेटचं बाहेरचं कडं निगेटिव्ह असायला हवं, ते पत्र्याला लागून पॉझिटिव्ह झालं. पोलॅरिटी उलटी, खेळ खलास. बरं, वायर बदलून कडं निगेटिव्ह केलं तरी ते पत्र्यापासून पूर्ण वेगळं ठेवायला हवं, नाहीतर थेट शॉर्ट. शिवाय साधा बूस्ट कन्व्हर्टर घेतला तर त्याच्या इनपुटची आणि आउटपुटची निगेटिव्ह आतून एकच असते. म्हणजे चार्जरच्या केबलचं धातूचं टोक नुसतं डॅशबोर्डला टेकलं तरी बॅटरी शॉर्ट होणार. मॉडेल-ए मध्ये मूळ कंपनीने एकही फ्यूज दिलेला नाही. सीटखाली तापलेली वायर आणि समोर विंडशील्डच्या पायथ्याशी पेट्रोलची टाकी! गंमत नाही.

म्हणून आम्ही आयसोलेटेड कन्व्हर्टर घेतला, 6 व्होल्ट आत, 12 व्होल्ट बाहेर, दोन्हींचा आतून संबंध नाही. सॉकेट बॅकेलाइटच्या डबीत बसवलं. बॅटरीपासून दोन्ही वायरी स्वतंत्र ओढल्या, बॉडीवर विसंबलो नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, मोबाईल वाचवण्यासाठी नाही. वायर जाड घेतली. तेवढेच वॅट निम्म्या व्होल्टेजवर न्यायचे तर करंट दुप्पट, आणि त्याच वायरमध्ये उष्णता चौपट. आय स्क्वेअर आर फर्स्ट इयरला पाठ केलेला असतो, इथे तो हाताला चटका देऊन आठवतो.

पण खरी अडचण बॅटरीच्या हिशेबाची होती. हिशेब असा. सेल्फ मारताना समजा 200 अँपिअर तीन सेकंद गेले. तास-अँपिअरमध्ये ते होतात फक्त 0.17. डायनामोने 10 अँपिअर दिले तर मिनिटा-दीड मिनिटात फेड. आता मोबाईलचा चार्जर: 10 वॅट, कन्व्हर्टरचा तोटा धरून 12 वॅट, म्हणजे सहा व्होल्टवर 2 अँपिअर. दिसायला किरकोळ. पण चार तासांची रॅली म्हणजे 8 तास-अँपिअर. म्हणजे तब्बल 47-48 वेळा सेल्फ मारल्याएवढी वीज त्या इवल्याशा चार्जरने खाल्ली! मूळ बॅटरी आहे 80 तास-अँपिअरची. केटरिंगचा सगळा डाव उसनवारीवर उभा होता. बॅटरीकडून क्षणभर भरपूर घ्या आणि सावकाश फेडा. आपले आजचे अ‍ॅक्सेसरीज नेमके याच्या उलट वागतात, थोडं थोडं घेतात पण थांबतच नाहीत.

आणि फेडायला डायनामो कसा आहे? मॉडेल-ए चा डायनामो तीन ब्रशचा. तिसऱ्या ब्रशवरून फील्डला वीज जाते, आणि तो ब्रश सरकवून करंट ठरवायचा. मधल्या वेगाला करंट सर्वात जास्त, दहा-बारा अँपिअर. वेग वाढला की आर्मेचर रिअ‍ॅक्शनमुळे उलट कमी होतो. आयडलला तर कट-आऊट उघडतो आणि चार्जिंग शून्य. रॅली म्हणजे अर्धा वेळ गर्दीत उभं राहणं. त्यात हेडलाइट लावले की डायनामोची बहुतेक कमाई तिकडेच जाते. हा डायनामो व्होल्टेज स्वतः आवरत नाही, बॅटरीच ते आवरून धरते. टर्मिनल सैल झालं की व्होल्टेज भडकतं आणि बल्ब उडतात. मग मोबाईलचं काय होईल ते सांगायला नको. तेव्हा सर्किट जोडण्याआधी टर्मिनल घासून आवळणं हे पहिलं काम.

शेवटी माझं मत काकांना पटलं. मोबाईलला साधी पॉवर बँक द्या, ती घरी रात्री भरा. डॅशकॅमला कन्व्हर्टर, कारण त्याला जेमतेम एक अँपिअर लागतो. आणि मागे 6 व्होल्टचे, पॉझिटिव्ह अर्थवाले एलईडी दिवे. मागच्या ट्रकवाल्याला ब्रेक दिसणं हे मॅपपेक्षा महत्त्वाचं, आणि एलईडीला लागतेही कमी वीज. सगळी गाडी 12 व्होल्टची करून टाका असा सल्लाही लोक देतात. अल्टरनेटर बसवा, कॉइल बदला, सगळे बल्ब बदला. होतं तसं. सहा व्होल्टचा सेल्फ बारावर फिरतोही, पण बेंडिक्सचे दाते धाडकन आदळतात. मला तो प्रकार आवडत नाही. नव्वद वर्षं नीट चाललेल्या गाडीचं सगळं वायरिंग एका चार्जरसाठी उपटायचं, हे काही खरं नाही.

पुन्हा बॉस केटकडे. 1916 मध्ये डेल्को विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. केटरिंगही तिकडे गेला आणि 1920 पासून 1947 पर्यंत त्यांच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. मधल्या काळात त्याने खेड्यांसाठी 'डेल्को-लाइट' नावाचा 32 व्होल्टचा संच काढला: एक छोटं इंजिन, डायनामो आणि बॅटऱ्या. ग्रिड पोचायच्या आधी अमेरिकेतल्या शेतावरच्या घरांत यानेच दिवे लागले. मला त्याचं हे काम सेल्फपेक्षाही आवडतं.

त्यालाही एक सणसणीत केटी लागली. पाण्याऐवजी तांब्याच्या पत्र्यांवरून वारा खेळवून गार होणारं शेव्हरोले इंजिन त्याने 1923 मध्ये पुढे रेटलं. 759 गाड्या बनल्या, शंभरेक गिऱ्हाइकांकडे गेल्या आणि त्यासुद्धा परत बोलवाव्या लागल्या. केटरिंगने राजीनामा देऊ केला, अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो घेतला नाही.

त्याची दुसरी चूक मात्र परत बोलवता आली नाही. इंजिनातलं नॉकिंग थांबवायला त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून बघितलं. नॉकिंग थांबलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्या वेळी ते विकणाऱ्या एथिल कंपनीचा अध्यक्ष खुद्द केटरिंग होता. विक्री काही महिने थांबली, चौकशी झाली आणि पुन्हा सुरू झाली. मला हे वगळून त्याचं कौतुक लिहिणं पटत नाही. क्षणभर राबवलेली मोटर गार होते, पण शरीरात गेलेलं शिसं साठत जातं. ज्या माणसाला पहिली गोष्ट इतकी नेमकी कळली, त्याने दुसरीकडे काणाडोळा केला. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं, जगातल्या पंपांवरून ते 2021 मध्ये अल्जीरियात संपलं. काकांच्या मॉडेल-ए चं कॉम्प्रेशन जेमतेम सव्वाचार, तिला त्या शिशाची कधी गरजच नव्हती.

1930 च्या दशकात त्याने आणि त्याचा मुलगा यूजीन याने टू-स्ट्रोक डिझेल इंजिन रेल्वेसाठी सुधारलं आणि वाफेच्या इंजिनांचे दिवस भरले. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-4 इंजिनात जे टू-स्ट्रोक डिझेल आहे, ते त्याच घराण्यातलं. 1945 मध्ये स्लोन आणि केटरिंग या दोघांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी त्याची पत्नी ऑलिव्ह कॅन्सरने गेली.

निवृत्तीच्या सुमाराला त्याने एक हाय कॉम्प्रेशन इंजिन बनवून दाखवलं होतं, साडेबारास एक. त्याच वाटेने 1949 पासून नवी व्ही-8 इंजिनं बाजारात आली. ही इंजिनं फिरवताना सहा व्होल्टचा सेल्फ धापा टाकू लागला, विशेषतः इंजिन तापलेलं असताना. 1953 मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक, ब्युइक आणि ओल्ड्समोबिल या गाड्या 12 व्होल्टवर नेल्या. म्हणजे त्याच्या सहा व्होल्टला त्याच्याच इंजिनाने घरी बसवलं. तोवर गाडीत रेडिओ, हीटर, वायपर अशी मंडळी येऊन बसलीच होती, त्यांनाही बारा व्होल्ट सोयीचे पडले. नोव्हेंबर 1958 मध्ये केटरिंग डेटनजवळच्या आपल्या घरी वारला, वय 82. ते उपनगर तोवर शहर झालं होतं, आणि त्याचं नाव ठेवलं होतं केटरिंग.